दोन मिलिमीटर पत्र्याचे धडे

गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प घरी बांधणारी माणसं भेटली की गप्पा कपॅसिटरच्या ब्रँडवरून सुरू होतात आणि स्पीकरपाशी संपतात. ज्या पत्र्यावर हे सगळं बसतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तयार चॅसी परदेशातून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम ड्यूटीच चॅसीला भारी पडते. म्हणून मी पुण्यातच माझ्या मापाने करून घ्यायला लागलो. आखणी घरी, कापणं-वाकवणं भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये आणि भोकांची उरलेली कामं पुन्हा घरी. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ॲम्प शांत राहणार की भुणभुणणार, वाजवणाऱ्याला शॉक बसणार की नाही, आणि उद्या दुरुस्तीसाठी उघडला तर आत हात जाणार की नाही, हे सोल्डरिंग सुरू होण्याआधीच पत्र्यावर ठरलेलं असतं.

खाली जे लिहिलंय ते दोन ईएल८४ आणि तीन ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या, १५ ते १८ वॉटच्या ॲम्पच्या हिशेबाने. त्याहून मोठा बांधणाऱ्यांनी मापं वाढवून वाचावं.

१. ॲल्युमिनियम घ्यायचं ते फक्त हलकं म्हणून नव्हे

वजनाचा फायदा आहेच. ४०० मिलिमीटर लांबीच्या माझ्या नेहमीच्या चॅसीला २ मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास लागतं. त्याच मापाचं लोखंड दोन किलोला टेकतं. घरच्या हातड्रिलने भोकं पडतात, हेही खरं. पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांमधून थोडं चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतच असतं. खाली लोखंडी पत्रा असला की त्या गळतीला आयती वाट मिळते आणि ती पत्र्यातून पार इनपुटच्या टोकापर्यंत जाऊ शकते. ॲल्युमिनियम अचुंबकीय असल्यामुळे अशी वाट देत नाही.

याची दुसरी बाजू मात्र फार जण विसरतात. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला २ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम अडवतही नाही. त्या फ्रिक्वेन्सीला ॲल्युमिनियमची स्किन डेप्थ सुमारे १२ मिलिमीटर भरते, म्हणजे आपला पत्रा त्या क्षेत्राला जवळपास दिसतच नाही. विद्युत क्षेत्राचा आडोसा उत्तम मिळतो. चुंबकीय गळतीवर मात्र अंतर आणि कोन हेच औषध. ‘धातूची पेटी आहे, आता हम (भुणभुण) येणार नाही’ या समजुतीत राहू नये.

२. जाडीत काटकसर करू नये

जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जेटीएम४५ तयार झाला. सर्किट फेंडरच्या बेसमन ५एफ६-ए वरून घेतलेलं होतं. फेंडरची चॅसी पोलादी होती, पण मार्शलच्या सुरुवातीच्या ॲम्पना ॲल्युमिनियमची चॅसी होती. जड ट्रान्सफॉर्मरखाली ती झोळ खायची, आणि पुढे त्यांनी पोलाद घेतलं. ॲल्युमिनियमला नावं ठेवणारे हा किस्सा हमखास सांगतात. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की ॲल्युमिनियम वापरायचं तर ते ॲल्युमिनियमसारखं वापरावं.

गणित सरळ आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २ चे ३ मिलिमीटर केले की तो जवळपास ३.४ पट होतो, म्हणजे ३ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम २ मिलिमीटरच्या पोलादाच्या बरोबरीला येतं, आणि तरी वजन निम्म्याच्या आसपास राहतं. १५-१८ वॉटच्या ॲम्पला मी २ मिलिमीटर घेतो. जुने दुकानदार याला १४ गेज म्हणतात. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, आणि तो फक्त पाच वॉटच्या पिटुकल्या ॲम्पला. दोन्ही कडांना आत वळवलेली बारा मिलिमीटरची पट्टी ठेवली तर लांबीतला झोळ जातो आणि खालचं झाकण बसवायला जागाही मिळते. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली आतून एक जाडशी पट्टी टाकली की झालं.

३. सामान हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलू नये

हा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवला असता, पण मग पुढचं कुणी वाचलं नसतं.

इंटरनेटवरच्या डेटाशीटमध्ये नऊ पिनांच्या सॉकेटचं भोक अमुक एवढं असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सिरॅमिकच्या एका सॉकेटला १९ मिलिमीटर पुरतात आणि दुसऱ्याला २२ लागतात. सॉकेट वरून बसवायचं की खालून, यावरही आकडा बदलतो. आठ पिनांच्या ऑक्टल सॉकेटचीही तीच तऱ्हा. कंट्रोलची भोकं तीन सुताची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, असं म्हणून मोकळं होता येतं, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या स्वस्त कंट्रोलचा दांडा ७ मिलिमीटरच्या आट्यांचाही निघतो. जुन्या बाजारात फुटक्या रेडिओतून काढलेली सॉकेटं मिळतात. ती मजबूत असतात, पण प्रत्येकाचं माप निराळं. व्हर्नियर घेऊन एकेक वस्तू मोजायची आणि वहीत लिहायची, याला पर्याय नाही.

मग पुठ्ठा घ्यायचा. बुटाच्या खोक्याचा चालतो. पूर्ण मापाची चॅसी पुठ्ठ्याची करायची, भोकं कापायची आणि खरं सामान त्यात बसवून बघायचं. कागदावर न दिसलेली भांडणं इथे उघडी पडतात. कंट्रोलची पाठ कपॅसिटरला टेकते, स्टँडबाय स्विचचे पाय बोर्डात घुसतात, जॅकमध्ये प्लग घातला की त्याची पितळी जीभ मागे येऊन सॉकेटच्या पिनेला लागते. हे शेवटचं फार फसवं असतं, कारण रिकामा जॅक मोजला तर सगळं छान बसलेलं दिसतं.

सॉकेटचा मोहराही पुठ्ठ्यावरच ठरवावा. गोल भोकाला दिशा नसते, पण सॉकेटच्या दोन स्क्रूंच्या भोकांना असते, आणि ती एकदा पाडली की पिना कुठे तोंड करणार हे कायमचं ठरलं. ईसीसी८३ आणि ईएल८४ या दोन्हींत ४ आणि ५ नंबरच्या पिना हीटरच्या, तर २ नंबरची ग्रिडची. हीटरची पिळलेली तार पत्र्याच्या कोपऱ्यातून यावी, पिनांवर उतरावी आणि तशीच परत जावी. ग्रिडच्या पिनेवरून तिने उडी मारली की ५० हर्ट्झचा पाहुणा पहिल्याच स्टेजमध्ये घरात. असा मोहरा चुकलेला ॲम्प दुरुस्तीला येतो तेव्हा मालक नव्या व्हॉल्व्ह विकत घेऊन थकलेला असतो.

आखणीचा कागद छापताना प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय बंद करावी. कागदावर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजावी. ती ९७ भरली तर कागद फाडून टाकावा.

४. ट्रान्सफॉर्मरची जागा कानाने ठरवावी

पॉवर ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला, आणि पॉवर व आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे गाभे एकमेकांशी काटकोनात. एवढं पुस्तकात असतं. पण प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची गळती वेगळी, विशेषतः स्थानिक वाइंडरकडून गुंडाळून घेतलेल्याची. म्हणून भोकं पाडण्याआधी एक प्रयोग करावा.

पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला मेन्स द्यायची, तीही ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून. सेकंडरीची सगळी टोकं सुटी आणि नीट टेप केलेली हवीत, कारण तिथे माणूस मारण्याइतके व्होल्ट असतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कशालाच जोडायचा नाही. त्याच्या स्पीकरच्या बाजूला फक्त हेडफोन लावायचा. आता पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात न लावता आउटपुटवाला टेबलावर सरकवायचा, फिरवायचा. हेडफोनमध्ये हम वाढतो, कमी होतो आणि एका कोनात जवळपास नाहीसा होतो. तिथे खडूने खूण करायची. ही शांत जागा पुस्तकातल्या काटकोनापेक्षा थोडी सरकलेली आढळते, आणि कधीकधी दोन इंच जागा वाचते.

५. बेंडचा हिशेब वाकवणाऱ्यालाच विचारावा

समजा चॅसी बाहेरून ६०, २०० आणि ६० मिलिमीटर अशी इंग्रजी यू आकाराची हवी आहे. बेरीज ३२०. एवढा पत्रा कापला तर चॅसी मोठी होते, कारण कोपऱ्यात पत्रा गोल वळतो आणि बाहेरच्या काटकोनापेक्षा कमी लांबी खातो. २ मिलिमीटर पत्रा, आतली त्रिज्या २ मिलिमीटर आणि के-फॅक्टर ०.४ धरला तर प्रत्येक काटकोनी बेंडमध्ये सुमारे ४.४ मिलिमीटर पत्रा जातो. बाहेरून मोजलेल्या ८ मधून ते वजा केले की ३.६ उरतात. दोन बेंडचे ७.२, म्हणजे सपाट पत्रा ३१२.८ मिलिमीटर कापायचा.

हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात आतली त्रिज्या शेडमधल्या डायवर ठरते. भोसरीतले एक ऑपरेटर ड्रॉइंग हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच करतात.

“सर, माप बाहेरचं का आतलं?”

“बाहेरचं. दादा, तुमच्या डायला दोनच्या पत्र्याला मायनस किती धरता?”

“साडेतीन. पण आधी एक तुकडा मारून बघू.”

तो तुकडा मारून बघणं सोडू नये. त्याच पत्र्याची अमुक लांबीची पट्टी वाकवायची, दोन्ही बाजू बाहेरून मोजायच्या, बेरजेतून मूळ लांबी वजा करायची. आलेला आकडा त्या डायचा आणि त्या पत्र्याचा. पुढच्या सगळ्या चॅसींना तोच.

तरीही अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. तो कुठे जाऊ द्यायचा हे मात्र आपल्या हातात असतं. पुढच्या भिंतीवरच्या कंट्रोलच्या भोकांची मापं मी बेंडच्या रेषेपासून देत नाही, पत्र्याच्या मोकळ्या कडेपासून देतो. म्हणजे बेंड थोडा सरकला तरी भोकांची रांग कडेशी समांतर आणि ठरल्या अंतरावर राहते, आणि फरक तळाच्या कोपऱ्यात जिरतो, जिथे तो कुणाला दिसत नाही.

६. ‘चांगल्यातलं ॲल्युमिनियम द्या’ असं दुकानात म्हणू नये

दुकानदार मग ६०६१-टी६ देतो. ते मजबूत, मशिनिंगला सुरेख, आणि लहान त्रिज्येत वाकवलं की बेंडवर बाहेरच्या बाजूने तडकतं. चॅसीला ५०५२-एच३२ हवं. ते वाकतं आणि वाकल्यावर ताठही राहतं. शुद्ध ॲल्युमिनियमच्या जवळचं ११०० लोण्यासारखं वाकतं, पण भोकं पाडताना ड्रिलला चिकटतं आणि स्क्रू आवळताना दबतं. पत्र्यावर रोलिंगच्या बारीक रेषा दिसतात. बेंड त्या रेषांना आडवा यावा. रेषांच्या दिशेनेच वाकवला तर चांगल्या पत्र्यालाही चीर जाते.

७. भोकं सपाट पत्र्यावर, पण सगळी नव्हेत

वाकवल्यावर आतल्या कोपऱ्यात ड्रिल मशिनचं डोकं जात नाही, म्हणून भोकं आधीच पाडलेली बरी. फायबर लेझरवाला सगळी एकदम कापून देतो आणि काम स्वच्छ होतं. फाइल मिलिमीटरमध्ये आहे हे त्याला तोंडी सांगावं. इंचातली समजून उघडली तर चॅसी २५.४ पट होते, आणि हा विनोद मी शेडमध्ये घडताना पाहिला आहे. बेंडच्या अगदी जवळची भोकं मात्र वाकवताना लांबुळकी होतात. २ मिलिमीटरच्या पत्र्यात भोकाची कड आणि बेंड यांच्यात आठेक मिलिमीटर तरी ठेवावेत. तेवढी जागा नसेल तर ते भोक नंतर पाडावं.

घरी पाडणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सेंटर पंचचा ठोका मारल्याशिवाय ड्रिल लावू नये. आधी ३ मिलिमीटरचं वाटाड्या भोक. दहाच्या वरच्या मापाला साधं ड्रिल पत्र्याला तीन कोनी भोक पाडतं, तिथे स्टेप ड्रिल वापरावं. सॉकेटसाठी स्क्रूने आवळायचा चॅसी पंच मिळाला तर सोनंच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत विचारून बघावं. ड्रिलच्या टोकाला रॉकेलचे दोन थेंब सोडले की ॲल्युमिनियम चिकटत नाही. कानशीला आधी खडू चोळला की दातांत कीस अडकत नाही. आणि पत्रा लाकडाच्या फळीवर क्लॅम्पने आवळलेला असलाच पाहिजे. हाताने धरलेला पत्रा ड्रिल आरपार जाताना अडकतो आणि पंख्याच्या पात्यासारखा फिरतो.

८. अर्थिंगचा बोल्ट सगळ्यांत आधी, आणि तो कुणाशी वाटून घ्यायचा नाही

इथे मला मतभेद मान्य नाही.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या शील्डमधून आणि इनपुट जॅकमधून थेट चॅसीला जोडलेल्या असतात. चॅसी म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं. आत साडेतीनशे व्होल्ट डीसी आणि २३० व्होल्ट मेन्स. यांतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर फ्यूज उडायला हवा, आणि तो उडण्यासाठी पत्रा भक्कमपणे अर्थ झालेला हवा.

त्यात ॲल्युमिनियमची खोड अशी, की उघड्या हवेत त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो वीज वाहू देत नाही. साधं सोल्डरही त्याला धरत नाही. म्हणून मेन्सची केबल जिथे आत येते तिथेच एक स्वतंत्र बोल्ट. आजूबाजूचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, रिंग टॅगच्या दोन्ही अंगांना दातेरी वॉशर घालायचे म्हणजे दात थर फोडून धातूत रुततात, मग नट आणि वर दुसरा नट. हिरव्या-पिवळ्या तारेशिवाय या बोल्टवर दुसरं काही नको. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टलाच अर्थ अडकवण्याची पद्धत वाईट. ट्रान्सफॉर्मर बदलताना कुणीतरी तो बोल्ट काढणार आणि ढिला परत लावणार. ही तार आत इतरांपेक्षा लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेली तर फेज आणि न्यूट्रल आधी तुटतील, अर्थ शेवटी.

सर्किटचा ग्राउंड हे वेगळं प्रकरण. तो मी इनपुटच्या टोकाला एकाच ठिकाणी चॅसीला जोडतो. बाकीचे जॅक प्लॅस्टिक बॉडीचे. पत्र्याला ग्राउंडची तार समजून जिथे सापडेल तिथे टॅग आवळत गेलं, की फिल्टर कपॅसिटरच्या चार्जिंगचा करंट पत्र्यातून इनपुटशेजारून वाहतो आणि १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते. हमचा सूर यासाठी ओळखता यावा. ५० हर्ट्झचा खालचा सूर बहुधा हीटरचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा, १०० चा खरखरीत बहुधा ग्राउंडिंगचा किंवा फिल्टरिंगचा.

तपासताना मल्टीमीटरची दोन्ही टोकं आधी एकमेकांना लावून आकडा पाहावा. तो ०.२-०.३ ओहम असू शकतो. मग एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला, दुसरं चॅसीला, आणि पहिला आकडा वजा. उरलं ते शून्याला चिकटलेलं हवं. अर्थात हे सगळं भिंतीतल्या सॉकेटला अर्थ असेल तरच उपयोगी. गणपतीच्या मांडवात किंवा जुन्या वाड्यातल्या तालमीच्या खोलीत तो असतोच असं नाही. गिटार हातात धरून माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. ॲम्पच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, ती आत्महत्येची तयारी आहे. मी सोबत सॉकेट टेस्टर ठेवतो.

९. रंगापूर्वी चिकटपट्टी

पावडर कोटिंग आणि ॲनोडायझिंग दोन्ही वीज रोखतात. कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, त्यामुळे साधी टेप टिकत नाही. कोटिंगवाल्याकडे उष्णता सोसणारी टेप असते, ती अर्थ बोल्ट, इनपुट ग्राउंड आणि झाकणाच्या कडांवर लावून घ्यावी. मला स्वतःला कोटिंगपेक्षा एकाच दिशेने पॉलिश पेपर मारलेला उघडा पत्रा आवडतो. पण मुंबई, कोकण, गोवा इथे जाणारा ॲम्प असेल तर हौस बाजूला ठेवतो. खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमवर पितळ किंवा स्टेनलेसचा स्क्रू घट्ट बसला, की दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते, आणि गंजतं ते ॲल्युमिनियम. तिथे झिंक प्लेटिंगचे बोल्ट वापरावेत आणि आवळून झालेल्या सांध्यावर व्हॅसलीनचं बोट फिरवावं.

१०. पत्र्यात आटे पाडू नयेत

एम-४ च्या आट्याचा पिच ०.७ मिलिमीटर. २ मिलिमीटरच्या पत्र्यात पूर्ण तीन आटेही बसत नाहीत आणि झाकण चार वेळा उघडलं की ते झिजतात. रिव्हेट नट लावावेत. ट्रान्सफॉर्मरला नायलॉक. कॉम्बो ॲम्पमध्ये स्पीकर त्याच पेटीत थरथरत असतो, तिथे साधा नट हळूहळू ढिला होतोच.

११. एक नव्हे, दोन नग करून घ्यावेत

बेंडिंगच्या शेडमध्ये पैसे पत्र्याचे कमी आणि सेटिंगचे जास्त लागतात. डाय चढवायची, तुकडा मारायचा, स्टॉपर लावायचा. हे एका नगाला जेवढं, तेवढंच दोन नगांना. दुसरी चॅसी मी भोकांशिवाय ठेवतो, फक्त ट्रान्सफॉर्मरची आणि मेन्सची भोकं पाडून. पुढच्या ॲम्पला रेक्टिफायर व्हॉल्व्ह घालावीशी वाटली, रिव्हर्ब हवा झाला किंवा नवीन सॉकेटं निराळ्या मापाची निघाली तरी तोच पत्रा चालतो. ड्रॉइंगवर तारीख, पत्र्याचा ग्रेड, ऑपरेटरने धरलेली वजावट आणि वाकवल्यावर प्रत्यक्ष आलेली मापं लिहावीत, आणि एक प्रत शेडमध्येच ठेवावी. पुढच्या वेळी दादा स्वतःच फाइल काढून विचारतात, “मागचीच ना, सर? का भिंत पाच मिलिमीटरने वाढवायची?”